विकतची गाणी

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. इथल्या मराठी मंडळात कुणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर न वाजलेला मोबाइल कानाला लावायचो. लखनौच्या आमच्या मूठभर मराठी घरांत ती हकीकत एव्हाना विनोद म्हणून चालते. अमीनाबादच्या बाजारातल्या एका दुकानदाराला मी 'गाणी काढून ठेव' असं सांगितलं आणि त्यानं ती काढून टाकली, असा तो विनोद. कोजागरीला कुणी ना कुणी तो सांगतोच, आणि नवा बदलून आलेला कुणी असेल तर हमखास. विनोद माझाच आहे, मीच तो रचला. तसं काही घडलं नव्हतं.

मी रेल्वेत इंजिनिअर होतो. मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीनं लखनौच्या चारबाग स्टेशनवर आणून सोडलं, मुलं इथल्या शाळांत वाढली, मराठी समजून हिंदीत उत्तरं द्यायला लागली, आणि निवृत्तीनंतर विकास नगरात घर घेऊन आम्ही इथलेच झालो. माझं हिंदी मात्र कधी इथलं झालं नाही. नोकरीच्या सुरुवातीला रोज उशिरा येणाऱ्या एका खलाशाला, म्हणजे वर्कशॉपमधल्या मदतनिसाला, मी दरडावलं होतं, "फिर ऐसा किया तो तुमको शिक्षा होगी।" त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "साहब की मेहरबानी। पढ़ने का तो बचपन से मन था।" अख्खं वर्कशॉप हसलं. असले माझे किस्से मंडळात सगळ्यांना पाठ होते. पुढे माझी थाप इतकी सहज खपली ती त्यामुळेच.

एके काळी आमच्यात गाणी म्हणजे माझं घर. दर उन्हाळ्यात गावाहून परतताना बॅगेत कपड्यांपेक्षा कॅसेट जास्त असायच्या. लोखंडी कपाटाचे दोन कप्पे त्यांनी भरलेले होते. रविवारी सकाळी मंडळी जमायची, माझी बायको पोहे करायची, आणि मी खिशातून किल्ली काढून कपाट उघडायचो. हो, कपाटाला कुलूप असायचं. घरी न्यायला मी कुणाला कॅसेट देत नसे. "अहो, इथं येऊन ऐका ना," म्हणायचो. लोकांना ते आदरातिथ्य वाटायचं.

त्यातली एक कॅसेट माझी विशेष होती. आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं गायलेली भावगीतं, कुठल्याशा लहान कंपनीनं काढलेली. ती कंपनी लवकरच बुडाली. "ही दुसऱ्या कुणाकडे मिळायची नाही," हे वाक्य ती लावण्यापूर्वी मी दर वेळी म्हणायचो. बायको ते वाक्य माझ्यामागून ओठातल्या ओठात म्हणायची आणि मंडळी हसायची. मला त्या हसण्याचं काही वाटत नसे. कॅसेट माझी होती ना.

मग फिती चिकटायला लागल्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कारागीर ते काम बंद करून मोबाइलची कव्हरं विकायला लागले. शिक्षिकाबाईंचा आवाज तर विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. त्याच सुमारास आमच्या मागच्या गल्लीत साहेब राहायला आले.

साहेब नागपूरचे, एका सरकारी कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बैठकीत बुद्धाची मूर्ती, समोर रोज ताजं फूल, आणि बोलणं अगदी नागपुरी. "काय करून राहिले, इंजिनिअर?" अशी हाक फाटकातूनच यायची. त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. चालणं थोडंफार परत आलं, बोलणं आलं नाही. साधं हो-नाहीसुद्धा त्या मानेनं सांगायच्या. पण गाणं लागलं की त्याच बाई शब्दांसकट गायच्या. बोलताना एक अक्षर न फुटणाऱ्या तोंडातून अख्खं कडवं बाहेर पडायचं. डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं होतं की, गाण्याची जागा डोक्यात वेगळी असते, ती वाचली आहे.

साहेबांनी त्यातून एक रीतच बसवली. ज्या ओळीत पाणी हा शब्द होता ती ओळ गुणगुणून वहिनी पाणी मागायला शिकल्या. दुसऱ्या एका गाण्यातल्या दारावरून दार उघडा म्हणून सांगायच्या. लेकीची आठवण आली की माहेरच्या गाण्याची ओळ. त्यासाठी गाणं रोज कानावर पडावं लागे, तेही तेच, त्याच आवाजातलं. दोन दिवस खंड पडला की ओळ निसटायची. म्हणून साहेब एका कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून गाणी विकत घ्यायचे, दर महिन्याला थोडी थोडी. "कोणत्या गाण्यात हिला कोणता शब्द सापडेल, सांगता येत नाही ना," म्हणायचे.

माझ्या मुलानं त्यांना एकदा सुचवलं, "अंकल, आजकल खरीदता कौन है? सब्सक्रिप्शन ले लीजिए, सब मिलता है।"

"ना बेटा," साहेब म्हणाले. "किराए के घर में कील ठोकनी हो तो भी मालिक से पूछना पड़ता है। ये मेरे हैं।" आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "भाड्याची नाहीत इंजिनिअर, विकतची आहेत."

'विकतची' हा शब्द ते असा उच्चारायचे, जसा मी 'माझी कॅसेट' म्हणायचो. मला तो खुपायचा.

रविवार हळूहळू त्यांच्याकडे सरकला. कुणी ठरवलं नाही. एका रविवारी आमच्याकडे पाहुणे होते म्हणून मंडळी तिकडे जमली, पुढच्या रविवारीही तिकडेच गेली. साहेब टॅब्लेट मांडीवर घेऊन बसायचे, कुणी गाण्याचं अर्धं नाव घेतलं की गाणं सुरू. माझी बायकोही जायची. एकदा तिनं तिच्या शाळेतल्या गॅदरिंगचं एक गाणं सांगितलं. ते लागलं तेव्हा ती टाळी वाजवून हसली. इतक्या वर्षांच्या संसारात ते हसू मी क्वचित पाहिलं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

घरी आल्यावर म्हणालो, "ते गाणं तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला सांगितलं तर आधी किल्ली शोधायची, मग कॅसेट, मग ती पेन्सिलीनं गुंडाळायची," ती म्हणाली. "तोवर माझा स्वयंपाक करपतो."

"त्यांच्याकडे जा मग रोज."

"जाऊ?" तिनं विचारलं आणि मटार सोलायला घेतले.

एवढंच असतं तरी मी सहन केलं असतं. पण एका रविवारी साहेबांनी मला दारातच अडवलं. "इंजिनिअर, डोळे मिटा बघू." मी मिटले, आणि माझ्या शिक्षिकाबाई गाऊ लागल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागच्या तंबोऱ्याची तार वेगळी ऐकू येत होती. बुडालेल्या कंपनीचा माल दुसऱ्या कुणी घेऊन त्या दुकानात विकायला ठेवला होता. साहेबांनी माझ्यासाठी म्हणून शोधून तो घेतला होता. खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मला किती आनंद होतो ते पाहायला. मी म्हणालो, "वा." जे कुणाकडे नाही म्हणून मी मिरवलं, ते आता कुणालाही मिळत होतं, माझ्यापेक्षा चांगलं. आणि मलाच ते भेट म्हणून दिलं जात होतं. पुढे वहिनींनाही त्या गाण्यात एक शब्द सापडला: 'थांबा'. मी उठलो की त्या ती ओळ गुणगुणायच्या. सगळ्यांना कौतुक. मी दोनदा थांबलो, नंतर कामं काढून लवकर निघायला लागलो.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या ऑनलाइन दुकानाचा ईमेल आला. दुकान बंद होणार होतं. घेतलेली गाणी महिनाअखेरपर्यंत ॲपमध्ये वाजतील, नंतर वाजणार नाहीत, ज्यांना हवी त्यांनी तोवर आपली प्रत उतरवून घ्यावी, असं लिहिलं होतं. नेमकं तेव्हाच साहेबांची बायपास ठरली. लेक नागपुरात, म्हणून ऑपरेशनही तिकडेच. निघण्याच्या आदल्या दिवशी ते टॅब्लेट घेऊन आमच्याकडे आले आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला.

"तुम्ही इंजिनिअर माणूस," म्हणाले. "बंद व्हायच्या आत एवढी गाणी काढून ठेवा. दवाखान्याच्या धावपळीत तिकडे कोणाला वेळ नाही. पोरीच्या फोनवर हिची चार-दोन आहेत, तोवर भागेल."

"निश्चिंत जा," मी म्हणालो. तेव्हा मी खरंच मनापासून म्हणालो होतो.

मला स्वतःला ते उतरवणं जमेना म्हणून मी अमीनाबादेत गेलो. बायकोला ब्लाउजपीस घ्यायचे होते. ती कापडाच्या गल्लीत शिरली, मी पेनड्राइव्ह विकत घेतला आणि मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. माझ्याच वयाचा दुकानदार होता, मेंदी लावलेली दाढी, अदबीनं बोलणारा. त्यानं टॅब्लेट उघडला आणि चालतो का बघायला सगळ्यात वरचं गाणं लावलं. शिक्षिकाबाई. गल्लीत रिक्षांची घंटी, कुणाची भांडाभांडी, आणि त्या सगळ्यावर तो स्वच्छ आवाज. शेजारच्या स्टुलावरचं गिऱ्हाईक मान डोलावून म्हणालं, "वाह! ज़बान समझ में नहीं आई, मगर क्या गला है। आपका है, अंकल?"

"नहीं," मी म्हणालो. "दूसरे का है।"

दुकानदारानं गाणं थांबवलं.

"तो क्या करना है, जनाब?"

"गाने निकालने हैं," मी म्हणालो.

इथपर्यंत ते भाषांतरच होतं. मराठी माणूस हिंदीत तसंच बोलेल. दुकानदारानं बोट पडद्यावर ठेवलं आणि थांबला. "निकालने हैं, मतलब हटा दें? मेमोरी भर गई होगी।" त्यानं टॅब्लेट माझ्याकडे फिरवला. पडद्यावर हिंदीत ठळक अक्षरांत तेच विचारलेलं होतं: सब हटाएँ?

मी वाचलं. त्याचा अर्थ मला कळत होता. पेनड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी म्हणालो, "हाँ।"

त्यानं बोट दाबलं. मग सगळेच दुकानदार म्हणतात तसं, समजूत घालत म्हणाला, "अभी ट्रैश में पड़े रहेंगे, जब तक इनकी दुकान बंद नहीं होती। मन बदले तो आ जाइएगा।"

ते 'हाँ' रागाच्या भरात निघालं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण त्यानंतरचे दिवस रागाचे नव्हते. टॅब्लेट माझ्या टेबलावर होता, अमीनाबादची ई-रिक्षा कोपऱ्यावर मिळत होती. मी रोज सकाळी उद्या जाऊ म्हणायचो. नागपुरात ऑपरेशन झालं, साहेबांचा खोल गेलेला आवाज फोनवर आला, "काम झालं ना, इंजिनिअर?" मी म्हणालो, "झालं. आराम करा." महिना संपला. ॲप उघडलं तर आजवरच्या साथीबद्दल आभार मानणारा एक निरोप आला, बाकी काही नाही.

ते दोघं परतले तेव्हा मी टॅब्लेट घेऊन गेलो. गोष्ट मी वाटेत तयार केली होती. "अहो साहेब, घोटाळा झाला. मी म्हटलं गाणी काढून ठेव, त्या मियाँला वाटलं काढून टाक!" साहेब आधी हसले. छातीवरचे टाके दुखत होते म्हणून छातीशी उशी धरून हसले. "शिक्षा होगी तुमको, शिक्षा!" म्हणाले. वहिनी समोरच्या खुर्चीत टॅब्लेटकडे बघत बसल्या होत्या. तो कधी लागतो याची वाट बघत होत्या. मग साहेबांचं हसणं थांबलं.

माझ्यावर ते चिडले नाहीत. कंपनीवर चिडले. ईमेलमागून ईमेल केले. तिकडून सभ्य भाषेत एकच उत्तर यायचं: आपण गाणी विकत घेतली नव्हती, ऐकण्याचा परवाना घेतला होता, आणि प्रत उतरवायला मुदत दिली होती. साहेब ते वाचून खोलीत येरझाऱ्या घालायचे. "बटणावर काय लिहिलं होतं? 'खरेदी करा.' भाड्याने घ्या लिहिलं असतं तर मी घेतलंच नसतं. उद्या फर्निचरवाल्यानं दुकान बंद केलं तर माझ्या घरातली खुर्ची उचलून नेईल काय तो?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आजही मला ते बरोबर वाटतं. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली नसेल तर ती विकली असं म्हणू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते कुठेतरी ठासून विचारलं जायला हवं होतं. ते ग्राहक आयोगाकडे जायला निघालेही होते. मंडळातले एक निवृत्त सरकारी वकील एका रविवारी त्यांना म्हणाले, "मुद्दा चांगला आहे, पण तुमची बाजू लंगडी. मुदत दिली होती, आणि गाणी पुसली गेली ती तुमच्याच माणसाच्या हातून. पहिला प्रश्न तोच येईल. दुकानदाराला बोलवावं लागेल, यांनाही साक्षीला उभं राहावं लागेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांना घाबरलेला दिसला असावा. तो होताच. पण त्यांनी कारण वेगळं लावलं. "नको," म्हणाले. "त्या गरीब दुकानदाराला कशाला ओढायचं. आणि इंजिनिअरला या वयात कोर्ट-कचेरी? राहू द्या." असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला, मला त्रास नको म्हणून.

वहिनींसाठी त्यांनी शेवटी भाड्याचीच गाणी घेतली. बरीच मिळाली, पण दुसऱ्यांच्या आवाजात, दुसऱ्या चालीवर. फुकटातली लावली तर मध्येच मसाल्याची जाहिरात यायची आणि वहिनींची ओळ तुटायची. त्या पुन्हा सुरू करायला तोंड उघडायच्या आणि तसंच ठेवायच्या. पाणी परत आलं. माहेर आलं नाही. 'थांबा' कुठेच सापडलं नाही, ते त्या एकाच दुकानात होतं. माझी कॅसेट मी साहेबांना न्यायला सांगितली, कपाट उघडलं आणि पुन्हा कुलूप लावलं नाही, पण फीत पहिल्याच फेरीला तुटली. मंडळी म्हणाली, इंजिनिअरचं मन मोठं. दुकानदाराचा विनोद सांगितला जातो तेव्हा बायको हसत नाही. त्या दिवशी ब्लाउजपीस घेऊन ती दुकानाच्या पायरीपर्यंत केव्हा येऊन उभी राहिली होती, हे मी तिला विचारलेलं नाही.

पुढे साहेबांना एकट्यानं वहिनींचं करणं झेपेना. घर विकून ते नागपूरला लेकीकडे निघाले. मी चारबागला पोचवायला गेलो होतो. साहेब हमालाशी सामानावरून हुज्जत घालायला पुढे गेले आणि फलाटावर मी आणि चाकाच्या खुर्चीतल्या वहिनी, दोघंच उरलो. त्या कुणाला सांगू शकणार नाहीत म्हणून त्यांना सांगावं, असं माझ्या मनात आलं. इतका हलका विचार मी आयुष्यात दुसरा केला नसेल. त्याचीच मला लाज वाटली आणि मी गप्प राहिलो. मग साहेब आले, "चला इंजिनिअर, येतो," म्हणाले, आणि गाडीनं हलायला सुरुवात केली.

पुढे साहेब वारले त्याची बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. त्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहिता लिहिता एकानं तो अमीनाबादचा किस्साही लिहिला. साहेबांशी खरं बोलायची वेळ संपली होती. आता वहिनीच उरल्या होत्या.

गेल्या महिन्यात धीर करून नागपूरला फोन लावला. लेकीनं उचलला. "थांबा काका, फोन आईच्या कानाशी धरते. तिला सगळं समजतं. बोला." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, "वहिनी, मी लखनौहून बोलतोय. तब्येत कशी आहे?" पलीकडून एक चाल आली, शब्द नसलेली. कुठल्या गाण्याची ते मला ओळखता आलं नाही. मी म्हणालो, "थंडी फार आहे, जपा." आणि फोन ठेवला.

जे बोलायला फोन केला होता ते असं होतं. वहिनी, त्या दुकानदाराची काही चूक नव्हती. त्यानं मला विचारलं होतं आणि मी समजून हो म्हणालो होतो. तुमच्याकडे होतं ते माझ्याकडे नव्हतं, एवढंच त्याचं कारण. तुमचे शब्द मी घालवले, आणि साहेबांना शेवटपर्यंत खोटं सांगत राहिलो. मला माफ करा.